लाल चादर दिसली का?

आपल्या शहरातली प्रसिद्ध इमारत आपण बघायची नसते, ती पाहुण्यांनी बघायची असते, असा एक अलिखित नियम आहे. पाहुणे येतात, रांगेत उभे राहतात, वर जातात, फोटो काढतात आणि संध्याकाळी आपल्याच घरात, आपल्याच खुर्चीत पाय पसरून आपल्यालाच आपलं शहर समजावून सांगतात. आपण चहाचा कप पुढे करून "हो, छानच आहे" म्हणतो आणि विषय बदलतो. आमच्या शहरातल्या त्या इमारतीला सगळे 'थोरली' म्हणतात. दगडी अंग, पितळी दारं आणि वर निमुळतं होत गेलेलं टोक. एके काळी देशात तिच्याएवढं उंच काही नव्हतं. आता तिच्याहून उंच काचेच्या इमारती ढिगाने झाल्या आहेत. पण धाकट्यांनी कितीही उंची गाठली तरी थोरली ती थोरलीच. मी याच शहरात जन्मलो, इथल्याच एका शाळेत भूगोल शिकवतो आणि दर वर्षी 'आपले शहर' हा धडा आला की थोरलीचं चित्र फळ्यावर काढतो. वर मात्र कधी गेलो नव्हतो. त्यावाचून माझं काही अडलंही नव्हतं.

अडलं ते आत्यामुळे.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिने मला वाढवलं, माझं लग्न लावून दिलं आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशी माझ्या बायकोची जी बाजू घेतली ती आजतागायत सोडलेली नाही. ही आत्या अलीकडे माणसांकडे तिरकं बघायला लागली होती. समोरचा बोलत असला की मान वळवून डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याला न्याहाळायची. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी यामुळे फार दुखावले. ते पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीबद्दल बोलत असताना आत्याने त्यांच्याकडे असं काही बघितलं की कोणी काही विचारलं नसताना त्यांनी खुलासे द्यायला सुरुवात केली. शेवटी बायकोने आत्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. मी सोबत होतो. डॉक्टर म्हणाले, "डोळ्याच्या मागचा पडदा झिजत चाललाय. बघताना मधलं आधी पुसट होतं, कडेचं त्यामानाने टिकतं. म्हणून त्या कडेने बघतात. हे थांबवणं आपल्या हातात नाही. आजी, जे बघायचं असेल ते लवकर बघून घ्या."

डॉक्टर हे सहज म्हणाले असतील. पण आत्याच्या पिढीला डॉक्टर सहज काही म्हणतात हे माहीतच नाही. जेवणाआधी की जेवणानंतर एवढंच काय ते तिने विचारायचं बाकी ठेवलं. परत येताना आम्ही टॅक्सी केली. मला वाटलं, आता आत्या समुद्र म्हणेल, डोंगर म्हणेल, दूरच्या गावी दिलेली तिची धाकटी बहीण म्हणेल. मी मनातल्या मनात शाळेच्या सुट्ट्या आठवायला लागलो होतो.

"मला थोरलीवर जायचंय," आत्या म्हणाली.

"अगं, ती तर तुला रोज दिसते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून."

"म्हणूनच. इतकी वर्षं ती माझ्या स्वयंपाकघरात डोकावतेय. माझं दूध उतू गेलेलं तिने बघितलंय, माझी भांडणं बघितलीत, मी एकटी रडत बसले तेही बघितलंय. आता एकदा मला तिथून आपलं घर बघू दे. डोळे आहेत तोवर."

बायकोने रुमाल काढला. मी बाहेरच्या रहदारीकडे फार लक्षपूर्वक बघितलं. मग घसा खाकरून म्हणालो, "येत्या रविवारी जाऊ. त्यात काय मोठंसं!"

'त्यात काय मोठंसं' हे वाक्य मी आयुष्यात ज्या ज्या कामाआधी उच्चारलं, त्या त्या कामाने माझी फजिती केली आहे. भिंतीत खिळा ठोकण्यापासून ते बायकोला पोहायला शिकवण्यापर्यंत. तरी ते माझ्या तोंडून जातंच.

संध्याकाळपर्यंत ही बातमी सगळ्या इमारतीला कळली. कशी ते विचारू नका; आमच्या जिन्याला कान आहेत आणि तोंडही. थोरलीवर आमच्या इमारतीतलं एकही माणूस कधी गेलेलं नव्हतं. त्यामुळे सल्ला द्यायला सगळे मोकळे होते. वरच्या मजल्यावर राहणारे कंपाउंडर खास खाली आले आणि म्हणाले, "मास्तर, वर हवा विरळ असते. आत्यांना सांगा, तोंड मिटून नाकाने श्वास घ्यायचा." मी म्हणालो, हवा विरळ व्हायला मोठा पर्वत लागतो, इमारतीने भागत नाही. त्यांनी माझ्याकडे कीव येऊन बघितलं. "पुस्तकातली हवा वेगळी, मास्तर." सेक्रेटरी म्हणाले, सकाळी जा. सेक्रेटरींच्या मंडळी म्हणाल्या, सकाळी धुकं असतं, दुपारी जा. मग त्या दोघांचं आमच्याच दिवाणखान्यात भांडण जुंपलं आणि बायकोला चहा टाकावा लागला.

या सगळ्या गदारोळात आमच्या शेजारच्या शिलाईच्या काकू दारापाशी उभ्या होत्या. काकू घरी शिवणकाम करतात, कमी बोलतात आणि कुठेही गेल्या तरी दारापाशीच उभ्या राहतात. त्यांनी हळूच विचारलं, "पण वरून आपली इमारत ओळखायची कशी?"

खरंच होतं. वरून बघितलं तर आमची काय आणि शेजारची काय, सपाट गच्ची आणि वर काळी टाकी. या शहरात अशा टाक्या खंडीभर. मी भूगोलाचा शिक्षक. हा प्रश्न मला सुचायला हवा होता. मी "हंऽऽ, तेच मी म्हणणार होतो" असं म्हणालो. कोणी लक्ष दिलं नाही.

"गच्चीवर मोठी चादर पसरू," काकू म्हणाल्या. "लाल. आत्यांना लाल त्यातल्या त्यात बरं दिसतं."

ते काकूंना माहीत होतं आणि मला माहीत नव्हतं, हे मला जरा लागलं.

आता आमच्या सोसायटीत गच्चीवर कपडे वाळत घालायला बंदी आहे. नियम खुद्द सेक्रेटरींनीच केलेला. त्यामुळे तातडीची सभा भरली. कोरडी चादर पसरली तर ती वाळत घातली असं म्हणता येईल का, यावर बराच ऊहापोह झाला. कंपाउंडरांचं म्हणणं, कोरडी चादर अजून कोरडी होऊ शकत नाही. सेक्रेटरींचं म्हणणं, आज चादर, उद्या गाद्या. शेवटी 'दर्शनार्थ पसरलेले कोरडे वस्त्र' या सदराखाली एका दिवसाची परवानगी मिळाली. अट एकच, सेक्रेटरी जातीने हजर राहतील. म्हणजे त्यांनाही वरून दिसायचं होतं. सभा संपेपर्यंत सगळ्यांनाच वरून दिसायचं होतं.

एवढी मोठी लाल चादर कोणाकडेच नव्हती. मग लाल म्हणून ज्याने त्याने जे दिलं ते काकूंनी जोडलं: दोन पलंगपोस, एक पडदा, एक टेबलक्लॉथ आणि कंपाउंडरांचा झोपायचा सदरा. सदऱ्याच्या बाह्या काकूंनी उसवल्या नाहीत, कारण कंपाउंडरांना तो परत हवा होता. त्यामुळे आमच्या चादरीला एका कडेला दोन हात होते.

रविवारी मी कोट घातला. आत्याने ठेवणीतली साडी नेसली. सगळी इमारत गच्चीवर गेली आणि आम्ही दोघं निघालो. थोरलीच्या पितळी दारापाशी पोचलो तर दार बंद, वर पाटी: 'पितळ घासण्याचे काम चालू असल्यामुळे प्रेक्षक गच्ची बंद आहे.' दारातल्या पहारेकऱ्याला मी विचारलं, पितळ खाली घासताय, मग गच्ची वर का बंद? तो म्हणाला, पद्धत आहे. थोरली बांधली तेव्हापासून पितळ घासायच्या दिवशी गच्ची बंद. का, ते बांधणाऱ्यांना विचारा. बांधणारे केव्हाच वर गेलेले होते, म्हणजे थोरलीच्याही वर.

मी घरी फोन लावला. बायको धापा टाकत होती. "अहो, चादर उडाली!"

गच्चीवरून सुटलेली चादर दोन्ही हात पसरून खाली गेली होती आणि समोरच्या दवाखान्यातल्या दंतवैद्यांच्या गाडीवर नेमकी बसली होती. दंतवैद्य बाहेर आले. त्यांना गाडी दिसेना. त्या जागी लाल कपड्याखाली काहीतरी झाकलेलं होतं, ते त्यांनी दुसऱ्या कोणाचं तरी समजून वळसा घातला आणि गाडी चोरीला गेली म्हणून थेट पोलीस चौकी गाठली. आमचे सेक्रेटरी चादर घ्यायला खाली उतरले, त्यांनी चादर ओढली आणि त्याच वेळी दंतवैद्य हवालदाराला घेऊन परत आले. पुढचं सगळं मला बायकोने सांगितलं, पण सेक्रेटरी आमच्या घरी चहा प्यायला येत असल्यामुळे ते मी लिहीत नाही.

दुसऱ्या खेपेला आम्ही मधल्या एका सुट्टीच्या दिवशी गेलो. पितळ लखलखत होतं, दार उघडं होतं, रांगही होती. रांगेत उभं राहून कंटाळा येऊ नये म्हणून मी आत्याला भिंतीवरच्या सूचना वाचून दाखवल्या. खिडकीपाशी पोचलो. खिडकीतल्या बाईंनी आत्याचं वय विचारलं आणि म्हणाल्या, "या वयाला डॉक्टरांचा दाखला लागेल. हृदय, रक्तदाब. वर जाऊन कोणी घाबरं होऊ नये म्हणून." मी म्हणालो, त्यांचं हृदय माझ्यापेक्षा चांगलं आहे, त्रास डोळ्यांचा आहे. झालं. मी जीभ चावली पण उशीर झाला होता.

"दिसत नाही?" बाई खऱ्याखुऱ्या काळजीने म्हणाल्या. "मग आजी, वर कशाला जाताय? उगाच दगदग."

"मला उत्तम दिसतं," आत्या म्हणाली आणि मान वळवून त्यांच्याकडे तिरकं बघितलं. बाई गडबडून उभ्याच राहिल्या. मग आत्याने त्यांच्या मागच्या भिंतीवरच्या सगळ्या सूचना, थुंकू नये इथपासून कठड्यावर चढू नये इथपर्यंत, एका दमात म्हणून दाखवल्या. रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या. त्या सूचना मीच तिला वाचून दाखवल्या होत्या, हे माझ्या डोक्यात शिरायला संध्याकाळ झाली.

दाखला मात्र लागणारच होता. नियम तो नियम. आम्ही परत फिरलो. गच्चीवर दुसऱ्यांदा ताटकळलेल्या लोकांना तोंड कसं दाखवायचं या विचाराने मी जिना चढलो, तर सेक्रेटरी म्हणाले, "हरकत नाही, मास्तर. पुढच्या वेळी वर खुर्च्या नेऊन ठेवू." उन्हाने त्यांचं नाक लाल झालं होतं. त्या माणसाबद्दल इतकी वर्षं माझं जे मत होतं ते मी तिथल्या तिथे थोडं सैल केलं.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी आत्याला तपासलं आणि म्हणाले, सगळं उत्तम. मग म्हणाले, सोबत कोण जाणार? मी म्हणालो, मी. त्यांनी माझ्याही दंडाला पट्टा बांधला, फुगवला, परत फुगवला आणि गंभीर झाले. दाखला आत्याला मिळाला. मला गोळ्या मिळाल्या, आणि मीठ बंद झालं. घरी येताना आत्या म्हणाली, "तुला झेपणार नसेल तर मी एकटी जाईन हो, मास्तर."

या गमतीजमतीत एक गोष्ट मात्र मला दिसत होती आणि मी ती बघायचं टाळत होतो. आत्या हल्ली दाराच्या चौकटीला खांदा लावून मगच आत यायची. एका सकाळी तिने किटलीतून चहा ओतला तो कपात न पडता टेबलावर पडला. धार चांगली ठाम होती. कप तेवढा बाजूला होता. तिने किटली खाली ठेवली आणि विचारलं, "कप कोणी सरकवला?"

"मी," मी म्हणालो.

"सांगून सरकवावा," ती म्हणाली. बायकोने टेबल पुसलं. त्या दिवशी वर्गात मी नद्यांचा धडा शिकवला, पण काय शिकवलं ते मला आठवत नाही. ही बया आपल्याला बोट धरून या शहरात फिरवत आली आणि तिने आपल्याकडे मागून मागून एवढंच मागितलंय, तेही आपल्याच्याने होईना.

तिसऱ्या खेपेला मी कोणालाही सल्ला देऊ दिला नाही. दाखला घेतला, सेक्रेटरींनी आग्रहाने दिलेली दुर्बीण गळ्यात अडकवली (तिच्या एका नळीत बुरशी होती, पण दुसरी ठीक आहे असं ते म्हणाले) आणि दुपारचा चहा झाल्यावर आत्याला घेऊन निघालो. या वेळी दार उघडं, खिडकी उघडी, बाई हसऱ्या. लिफ्ट म्हणजे पितळेची एक छोटी खोलीच होती. आत शिरताना मी आत्याला समजावून सांगितलं, "हे बघ, आपण पश्चिमेच्या दाराने आत शिरतोय. आपलं घर पूर्वेला. दिशा एकदा पक्की केली की माणूस जगात कुठेही चुकत नाही." शेजारी उभ्या असलेल्या दोन पाहुण्यांनी आदराने माझ्याकडे बघितलं. मी दाराकडे तोंड करून, मागच्या भिंतीला ऐटीत टेकून उभा राहिलो. लिफ्ट वर पोचली आणि ती मागची भिंत उघडली. ती भिंत नव्हती, दुसरं दार होतं. मी पाठमोरा बाहेर पडलो, पडलो म्हणजे अक्षरशः पडलो, आणि त्या दोन पाहुण्यांनी मला काखेत हात घालून उभं केलं. आत्या सरळ चालत बाहेर आली.

पडलेला माणूस उठल्यावर आधी आब सांभाळतो, अक्कल नंतर. मी कोट झटकला आणि मोठ्याने म्हणालो, "दार पश्चिमेचं, म्हणजे आपण बाहेर पडलो ती पश्चिम. घर लिफ्टच्या पलीकडच्या बाजूला. चल." आत्याला हाताला धरून मी लिफ्टला वळसा घालून पलीकडच्या कठड्याशी नेलं. तिथे डोळ्यांवर लख्ख ऊन येत होतं. खाली सगळं शहर पांढुरक्या उजेडात विरघळून गेलेलं. गच्च्या, टाक्या, गच्च्या, टाक्या. मी दुर्बीण लावली. सेक्रेटरींची बुरशी चांगल्या नळीतही पोचलेली होती. मी फोन लावला आणि आत्यालाही ऐकू येईल एवढा त्याचा आवाज मोठा करून तो दोघांच्या मधे धरला.

"पोचलात?" बायको ओरडली. मागे सगळी इमारत ओरडली.

"पोचलो. चादर पसरली का?"

"केव्हाची! दिसली का? आत्या, लाल चादर दिसली का?"

मी जीव तोडून शोधत होतो. एकही लाल ठिपका सापडेना. आणि माझ्या शेजारी आत्या एकदम म्हणाली, "दिसली गं, सूनबाई! काय झोकात दिसतेय!"

पलीकडे जो काही आरडाओरडा झाला त्याने फोन माझ्या हातात थरथरला. आत्या कठड्याला टेकली, मान वळवून तिने समोर बघितलं आणि एकेकाची हजेरी घ्यायला सुरुवात केली. "सेक्रेटरीसाहेब, कठड्याच्या इतक्या जवळ उभे राहू नका. मागे व्हा."

मग बायकोचा आवाज, "अगं बाई! खरंच कठड्याशी उभे होते!"

"आणि कंपाउंडर खुर्चीत बसलेत ना? बायामाणसं उभी आहेत, उठा म्हणावं."

"उठले, उठले!" चारपाच जण एकदम म्हणाले. कंपाउंडर "गुडघा दुखतो हो" असं काहीतरी म्हणत होते.

"आणि शिलाईवाली अशी मागे टाकीपाशी का उभी आहे? चादर तिने शिवली. तिला पुढे घ्या. माझ्या समोर उभी करा."

मग बायको हळू आवाजात म्हणाली, "आत्या, काकूसुद्धा दिसल्या तुम्हाला? रडतायत हो त्या."

मी दुर्बीण खाली केली. सत्तरी ओलांडलेली, चहा कपाबाहेर ओतणारी बाई एवढ्या लांबून टाकीमागची माणसं ओळखते आणि मला साधी चादर सापडत नाही. आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण खोटं कशाला बोलू, थोडा अपमानही झाला.

"चला, आता आवरतो," बायको म्हणाली. "थोरलीकडे बघून बघून सगळ्यांच्या डोळ्यांत ऊन जातंय."

मी "बरं, बरं" म्हणालो आणि तसाच थांबलो. थोरलीकडे बघताना त्यांच्या डोळ्यांत ऊन. म्हणजे आम्ही त्यांच्याकडे बघताना ऊन आमच्या पाठीवर असायला हवं. आणि माझं तर तोंड भाजत होतं. इतक्या वर्षांत किती मुलांना 'दुपारी सूर्य कोणत्या बाजूला असतो' यावर मी बाकावर उभं केलं असेल! मला त्या सगळ्यांची क्षमा मागावीशी वाटली.

"आत्या," मी म्हणालो, "आपण तर—"

तिने माझा हात असा दाबला की मी गप्प झालो. फोनवर सगळ्यांना "सावकाश उतरा रे" म्हणून सांगून झाल्यावर, मी तो बंद केल्याची खात्री करून घेऊन ती म्हणाली, "आपण काय?"

"आपण चुकीच्या बाजूला उभे आहोत. घर पलीकडे आहे. इथून ते दिसणं शक्यच नाही."

"असं होय," आत्या म्हणाली. तिला जरासं हसू आलं.

"मग तू बघितलंस काय?"

"काही नाही. पांढरं. महिना झाला, मधे सगळं पांढरंच आहे. कडेला तुझा कोट दिसतो, काळा."

"आणि सेक्रेटरी? काकू?"

"त्यांना बघायला डोळे कशाला लागतात? सेक्रेटरी पुढे पुढे करणार. ती बिचारी मागे राहणार. कंपाउंडर मिळेल त्या खुर्चीत बसणार." मग ती जरा थांबली. "अरे, तिसऱ्यांदा उन्हात उभी राहिली ती माणसं. मला दिसावं म्हणून. त्यांना काय सांगायचं, दिसत नाही?"

मला राग आला, डॉक्टरांचा, पितळाचा, दाखल्याचा, लिफ्टच्या त्या दाराचा आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा. महिनाभर ती पांढरं बघत होती आणि आम्ही चादरीला बाह्या ठेवाव्यात की नाही यावर बोलत होतो. मी डोळे पुसले. ते तिला दिसलं नसावं. पण माझं नाक वाजलं ते ऐकू आलं असणार, कारण ती म्हणाली, "पुरे आता. बरोबर बाजू दाखव."

आम्ही परत लिफ्टला वळसा घातला. या बाजूला ऊन पाठीवर होतं आणि खालचं सगळं स्वच्छ, धुऊन ठेवल्यासारखं. मला शोधावंच लागलं नाही. नदीच्या अलीकडे, नखाएवढी, लाल. ती हलत होती. मग माझ्या लक्षात आलं, ती लहान होत होती. आम्हाला दिसली म्हणून त्यांनी ती काढली होती. घडी घालत होते.

"थांब, फोन करतो," मी घाईघाईने म्हणालो. "परत पसरायला सांगतो. इथून स्वच्छ आहे, आत्या. कदाचित कडेने तुला लाल तेवढं—"

"नको."

"अगं, एका मिनिटाचं काम—"

"मग त्यांना कळेल," आत्या म्हणाली. तिने माझा फोनचा हात धरून ठेवला. "तू बघ. मला सांग."

मी घसा साफ केला. "थोरलीच्या पूर्वेला, नदीच्या पश्चिम तीरावर, साधारण—"

"भूगोल नको रे. माणसं सांग."

तिथून माणसं मोहरीएवढीसुद्धा दिसत नव्हती. कोण बाई, कोण पुरुष, काही कळायला मार्ग नव्हता. मी कठडा धरला आणि बघत राहिलो.

"काकूंनी एक टोक धरलंय," मी म्हणालो. "दुसरं सेक्रेटरींकडे आहे. त्यांना नीट धरता येत नाहीये. ते उलट्या बाजूने दुमडतायत."

"दुमडणारच."

"काकू काही बोलत नाहीयेत. नुसत्या परत उलगडून देतायत. कंपाउंडर आपला सदरा मागतायत."

आत्या हसली. अगदी मनापासून, खांदे हलवून हसली. त्या बाजूला उभ्या असलेल्या पाहुण्यांनी वळून बघितलं. "आणि सूनबाई?"

लाल ठिपका आता दिसेनासा झाला होता. गच्ची होती, टाकी होती, आणि टाकीजवळ एक काहीतरी होतं. ते माणूस होतं की खुर्ची, देव जाणे.

"ती अजून इकडेच बघतेय," मी म्हणालो. "डोळ्यांवर हात धरून."

आत्याने पदर सावरला, कठड्यावरून हात उंच केला आणि हलवला. या खेपेला दिशा बरोबर होती.